दुसरा ठसा

जखिणवाडीचा सिद्धू येडगे पत्रिका छापायला आला तेव्हा
कऱ्हाडात वीज गेलेली,
मंगळवार पेठेतलं आमचं प्रेस
पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेलं.

तीनशे प्रती. वर गणपती नको, बिरोबा पाहिजे.
मुलगी कोंडाबाई,
पण सासरच्यांनी कळवलंय, 'कांचन' छापा.
मी नेहमीची ओळ वाचून दाखवली :
वैशाख वद्य पंचमी, शके एकोणीसशे सत्तेचाळीस.

"सत्तेचाळीस? इंग्रज गेलं ते साल?
लगीन तर औंदा हाय."
म्हटलं, हे साल निराळं, हे शकांचं.
"शक म्हंजे संशय न्हवं?"

तीस वर्षं खिळे जुळवले मी,
डाव्या हातात स्टिक, उलटी अक्षरं,
श, क, त्यावर मात्रा.
किती नवरानवरींच्या डोक्यावर हा शब्द बसवला,
कुणाचं नाव बसवतोय
ते कधी विचारलं नाही.

मला माहीत तेवढं सांगितलं.
लांबून आले, वायव्येकडून, घोड्यांवर.
बंदरं घेतली, मग घाटांची तोंडं.
कुंभार्ली चढून येणारा माल
कऱ्हाडच्या पेठेत यायचा थांबला असेल,
किंवा थांबला नसेलही,
जकात घेणारा हात फक्त बदलला असेल.
बैलाला काय, तोच चढ.
मग इकडच्या राजानं त्यांना हरवलं.
जिंकणाऱ्याच्या आईनं नाशकाच्या लेण्यात कोरून घेतलं :
वंश उरू दिला नाही.

सिद्धूनं कमरेची चंची सोडली.
चुन्याच्या डबीखालून काढली
नखाएवढी रुपेरी चकती.
आगाशिवाच्या पायथ्याला मेंढरं बसवली होती,
खुरानं वर आली म्हणाला.

दारातल्या उन्हात धरली.
तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ,
आपल्या कृष्णेसारखी, किंवा कुठल्याही नदीसारखी.
आणि डोंगराच्या बाजूनं निसटलेलं
एक नाक,
थोडी हनुवटी,
कडेला परक्या लिपीचे चार तुकडे, झिजलेले.
राजानं वितळवली नव्हती शत्रूची चांदी.
घाई असेल, कोळसा महाग असेल,
किंवा त्याला हवंच असेल
की आपल्या डोंगराखाली तो चेहरा दबलेला
बाजारात हातोहात फिरावा.
पण घणाचा घाव जरा तिरका बसला
आणि नाक राहिलं.

सिद्धू बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, "म्हंजे हरवलं आपण,
आन् वर्सं त्येंची मोजतोय?"

पंचांगवाले शालिवाहनाचं नाव पुढं जोडतात, मी म्हटलं.
"त्ये वरचा ठसा झाला," तो म्हणाला.
"इकत घेतलेल्या मेंढराच्या कानाला
जुन्या धन्याची चीर आसती.
आपण शेजारी आपली मारतो.
पयली काय भरून येत न्हाई.
पर त्याच मेंढीचं कोकरू बघा,
कान कोरा."

कोऱ्या कानाचं काय करायचं
ते मला सुचलं नाही.
माझ्याकडं कोरा फक्त कागद होता,
त्यावरही खाली छापायचंच होतं
सतरा मे, शनिवार,
म्हणजे आणखी एका परक्याचं मोजमाप,
ज्याच्याशिवाय मंडपवाला तारीख धरत नाही.

वीज आली. पंखा कुरकुरत फिरला.
नाणं परत चंचीत गेलं,
दोन्ही राजे चुन्याच्या डबीखाली, सुपारीशेजारी.
मी विचारलं, शके ठेवू ना?
"ठेवा की. आता कुठं काढता?"

पायरी उतरून तो थांबला.
पटका सारखा केला.
म्हणाला, "आन् त्ये कांचन हाय न्हवं,
त्येच्या खाली
कोंडाबाई बी ऱ्हाऊ द्या,
बारीक टायपात."