गुडघाभर

गुरुवारी संध्याकाळपर्यंत कोरडं.
वारा वायव्येचा, आधी चुळबुळता, मग ठाम.
रात्री पारा गोठणबिंदूखाली उतरेल
आणि वर यायचं नाव घेणार नाही.
शुक्रवारी सरोवरावर बारा फुटी लाटा.
लहान होड्यांनी बंदर सोडू नये.

रेडिओवरचा मुलगा हे एका दमात वाचतो,
उधारीची यादी वाचावी तसं.
ताइमी कूसेला त्याचा आवाज कमी करते
आणि खिडकीतून स्वतः बघते.
टॅमरॅकची झाडं पिवळी होऊन झडलीत.
आर्विडने शेवटची जाळी उचलली, होडी पालथी घातली.
रस्त्याच्या कडेने लाल फडक्यांच्या काठ्या रोवल्यात,
बर्फ लोटणाऱ्या गाडीला रस्ता कुठे संपतो ते कळावं म्हणून.
माझ्या दुकानातली फावडी मंगळवारीच संपली.
म्हणजे येणार.

लोकांना वाटतं बर्फ आभाळातून येतो.
इथे तो सरोवरातून येतो.
जून-जुलैचं ऊन ते पोटात ठेवून बसलेलं असतं,
कुणाला न सांगता;
कॅनडाची गार हवा वरून गेली की
पाणी वाफाळतं,
आणि काठावरच्या पहिल्या टेकडीला अडून
तो सगळा उन्हाळा
पांढरा होऊन आमच्या छपरांवर पडतो.

एकतीस वर्षं ताइमी तो मोजते आहे.
अंगणात पांढरी रंगवलेली फळी,
इंचांच्या खुणांची पट्टी,
सकाळी सातला, अंगावर नवऱ्याचा कोट.
हवामान कचेरीचा फोन येतो, ती आकडा सांगते.
साडेनऊ. चार. नुसता भुरभुरला.
"अंदाज काय, कुणीही बांधतो," ती म्हणते,
"पडला किती ते बोला."

तिच्या वहीत एकच घर रिकामं आहे.
सात वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, अठरा तारीख:
नोंद नाही.
त्या दिवशी ओन्नीला पुरलं.
त्या दिवसाचा बर्फ दुसऱ्या दिवसाच्या बर्फाखाली गेला,
आणि बर्फावर बर्फ पडला की
खालचा किती, हे देवालाही वेगळं काढता येत नाही.
"गुडघाभर होता," खड्डा खणणारा व्हर्न म्हणाला होता.
"गुडघाभर हे माप नव्हे," ताइमी म्हणाली होती.
"कुणाचा गुडघा?"

आज व्हर्न तिचं सरपण रचून द्यायला आला,
पंचाहत्तरीचा, अजूनही दारातून वाकून आत शिरणारा.
मी रॉकेलचा डबा द्यायला गेलो होतो, म्हणून हे पाहिलं.
कॉफी झाली. वेलची घातलेला पाव झाला.
रेडिओ पुन्हा पहिल्यापासून:
गुरुवार कोरडा, वायव्य, शुक्रवारी...
ताइमी उठली, दारामागची पट्टी घेतली.
"व्हर्न, उभा राहा. बूट घाल."
"कशाला?"
"त्या दिवशी होते ना पायात?"

तो चुलीजवळ उभा राहिला, शिंप्यापुढे उभं राहावं तसा,
हात कुठे ठेवावेत ते न कळून.
ती खाली वाकली. तिला वाकायला वेळ लागतो.
गुडघ्याच्या वाटीखाली की मधोमध,
यावर थोडा वाद झाला.
मधोमध, शेवटी व्हर्न म्हणाला,
डावा पाय हाताने ओढून काढावा लागला होता.

बावीस इंच.
तिने पेन नाही, पेन्सिल घेतली.
आकड्यापुढे बारीक अक्षरात आणखी काही लिहिलं,
ते मला दिसलं नाही.

शनिवारी आठ ते चौदा इंच, काठालगत त्याहून अधिक.
रविवारी वारा पडेल.

"फावडी परत कधी येणार?" व्हर्नने विचारलं.
सोमवारी, मी म्हणालो.
"सोमवारी काय करायचीत," ताइमी म्हणाली,
आणि वही मिटली.