बावीस गेज

माधवनगरच्या नाक्यावर माझं दुकान होतं.
म्हणजे आहे. तेव्हा त्याला पुढची भिंत होती.

बोर्ड मीच रंगवलेला :
सर्व प्रकारच्या मोटारी भरून मिळतील.
पहाटे चारला एक मोटार आत आली,
दिवे चालू, वायपर चालू,
वायंडिंगच्या मशीनला जाऊन टेकली.
मागच्या सीटवरून एक बाई उतरल्या,
हाताला पट्टी, काखेत मिरजेच्या डायलिसिसची फाईल,
म्हणाल्या, आत कुणी झोपलं नव्हतं ना?

नव्हतं.
हे नंतर फार महागात पडलं.

सर्व्हेअर आला, विटांचे फोटो काढले,
चहा नको म्हणाला, मग घेतला.
सहा हजार, म्हणाला.
कशाचे?
सगळ्याचे.
माणूस गेला असता तर मर्यादा नव्हती.
लोखंड, तांबं, भिंत, यांना आहे.
साडेसात लाखांपर्यंत मिळालं असतं,
पण फॉर्मवर एक बारीक चौकोन असतो,
त्यात खूण केली की हप्त्यातले शंभर वाचतात.
गाडीवाल्यांनी खूण केली होती.

त्या शंभर रुपयांखाली माझं मशीन,
आणि लोकांच्या अकरा मोटारी.
लोक आले. भांडले नाहीत, तेच अवघड.
बुधगावचा एकजण पाणबुडीचा रोटर
मांडीवर घेऊन बसला बराच वेळ.
एका म्हातारीने मिक्सरचं भांडं तेवढं शोधून नेलं.
सगळ्यांना म्हटलं, भरून देतो.
मोटार भरून देणं मला येतं.
नुकसान कसं भरतात, ते विजयनगरच्या कोर्टात शिकलो.

चौगुले वकीलबाई म्हणाल्या,
दिलावरभाई, कंपनी सहा देऊन मोकळी होईल,
वरचं सगळं मालकाकडून.
बिलं आणा.
बिलं?
मशीन अब्बांनी इचलकरंजीहून आणलं, टेम्पोत, रोखीने,
वाटेत हातकणंगल्याला जेवले, एवढंच मला माहीत.
जेवल्याची पावती असती तरी लावली असती.

दोन वर्षं सात महिने. बावीस तारखा.
मागितले एक लाख चौऱ्याऐंशी हजार,
मंजूर एक लाख सदतीस. त्यातून सहा वजा.
उरलेल्यासाठी दरखास्त.
पेन्शनला हात लागत नाही, बाई म्हणाल्या,
घर आहे ना कवलापुरात? जप्ती मागू.

जप्तीच्या आधी एकदा बघून यावं म्हणून गेलो.
बळवंत सुतार, निवृत्त ड्रॉइंग मास्तर.
दारात तीच गाडी, टायर बसलेले,
बॉनेट तांब्याच्या तारेने बांधलेलं.
लालसर मुलामा. बावीस गेज.
माझ्या फरशीवरची.
त्या पहाटे वाकून उचलली असणार मास्तरांनी,
गाडी घरापर्यंत तरी न्यायची म्हणून.

मी दाव्यात तार धरली होती. सव्वा किलो.

मास्तर काही बोलले नाहीत. मीही नाही.
आतून बाईंचा आवाज आला, कोण आलंय?
मास्तर म्हणाले, दुकानवाले.
मग मला म्हणाले, महिना तीन जमतील.

व्याज सोडून चव्वेचाळीस महिने!
चौगुले बाईंनी पेनाचं टोपण आपटलं.
तुम्ही काय धर्मादाय उघडलाय?
नाही, म्हटलं. लिहून घ्या, कोर्टात दाखल करा.
एक हप्ता चुकला तर जप्ती.
तेही मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

पाच तारखेला मास्तर एस.टी.ने येतात.
पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या वहीत
पट्टी लावून चव्वेचाळीस चौकोन काढले,
सगळे एका मापाचे,
आणि पहिल्यात खूण करताना पेन्सिल
जरा थांबली.

आता नववा.
नवीन मशीन हप्त्यावर घेतलंय, बिलासकट.
बिल प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावलंय.
बुधगावचा अजून येतो, रोटर झाला का विचारायला.

मागच्या खेपेला मास्तरांना लोखंडी तार दिली.
बॉनेटला तांबं टिकत नाही, म्हटलं, मऊ असतं.
ते पुढच्या वेळी जुनी तार घेऊन आले,
नीट गुंडाळून, कागदात.
मी ती ठेवून घेतली.
वजन नाही केलं.