शिसपेन्सिल

रेडिओ म्हणाला, रात्री दहाला बोरा सुटेल,
ताशी एकशे वीस.
आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी
मिटायला तयार नाही.

उघडत नसती तर चाललं असतं.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात;
वासलेलं तोंड मिटवायचं कसं
ते कुठलीच म्हण सांगत नाही.

मूठ अर्ध्यावर फिरते आणि थांबते,
उत्तर माहीत असून न सांगणाऱ्या
फळ्याशी उभ्या पोरासारखी.
एकतीस वर्षं भूमिती शिकवली मी त्रिएस्तमध्ये,
हा गप्पपणा ओळखते.
दम दिला. गोंजारलं.
मग स्ट्रूडेलच्या लाटण्याने दोन ठोके.
रंगाचा पोपडा तेवढा निघाला:
पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली
कुणा ऑस्ट्रियन घरमालकाचा पिवळा.
कुलूप जिथल्या तिथे.

खाली गल्लीत कचऱ्याचे डबे साखळीने बांधतायत.
स्कूटरी आधीच आडव्या करून ठेवल्यात,
बसलेल्या गुरांसारख्या.
आठ वाजून वीस मिनिटं.
चावीवाला फोन उचलत नाही.

उरला खालच्या मजल्यावरचा दुइलिओ.
जहाजांच्या गोदीत
चाळीस वर्षं कड्या-बिजागऱ्या बसवल्या त्याने,
आणि चार वर्षं आमचं बोलणं नाही.
कारण जिन्यातला दिवा. कुणाच्या मीटरवर, एवढंच.
आता दिवाच नाही,
दोघंही भिंत चाचपत चढतो.

गेले. भिंत चाचपत.
त्याने दार उघडलं, तोंडाकडे नाही पाहिलं,
हाताचा वास घेतला लांबूनच.
‘ऑलिव्ह?’
चार वर्षांनंतरचा पहिला शब्द.

हो. गेल्या हिवाळ्यात करकरत होतं
म्हणून चमचाभर सोडलं होतं,
चांगलं, मामेभावाच्या झाडांचं.
आज आणखी दोन.
‘कुलूप आहे ते, कोशिंबीर नाही, नीवेस.
तेल धूळ धरतं,
आणि वर्षाने आत डिंक होतो.’

आधी ग्रापाने धुतलं,
एक झाकण कुलपाला, एक स्वतःला.
मग म्हणाला, पेन्सिल आहे का?
मला विचारतो!
खणातून तेरा निघाल्या.
त्यातली सगळ्यात मऊ, काळी, त्याने चाकूने तासली,
शिशाची पूड पडली हाताला लागलेल्या कागदावर
(विजेचं बिल होतं,
आम्ही दोघांनीही पाहिलं, कुणी काढलं नाही),
बिलाची पन्हळ केली
आणि फुंकलं आत,
बाळाच्या डोळ्यातलं कुसळ काढताना फुंकतात
तितकंच.

फिरवलं. नाही.
पुन्हा. नाही.
नऊ पन्नास.
‘कुलपाचा दोष अर्धाच,’ म्हणाला,
‘पल्ला खचलाय. तू उचल.’

मी दोन्ही तळवे खाली लावले आणि उचलला,
गुडघा भिंतीला, कपाळ काचेला,
काच इतकी गार की दात झिणझिणले.
काटकोन, म्हटलं मनात, नव्वद, नव्वद,
एक अंश इकडे नको.
खट्.

पडदा लोंबला मुकाट्याने.
त्याने खात्रीसाठी मूठ उलटी फिरवून पाहिली.
हलेना.
‘आता उघडायची नाही,’ म्हणाला.
मग दारापाशी, टोपी घालताना,
‘मार्चात बघू.’

मी मेणबत्ती धरली नाही त्याच्यासाठी. सुचलंच नाही.
अंधारात त्याचा हात भिंतीवरून घासत गेला,
अठरा पायऱ्या मोजल्या मी,
मग त्याचं दार.

बोरा आला दहा वाजून दहा मिनिटांनी.
काचेवर थाप मारली, मूठ हलवून पाहिली.
उशिरा येणाऱ्याला
मी वर्गात कधीच घेतलेलं नाही.