डागाची हमी

टोलीडोत, बर्फाचा चिखल झालेल्या दुपारी
डार्लीन पिएट्रासला अकरा वर्षांची करोला पटली.
काचेवर खडूने लिहिलेली किंमत तिला पाठ होती.

आतल्या खोलीतला माणूस मात्र हप्त्यांतच बोलतो:
"महिन्याला एकोणीसच वाढतात."
कशाचे, ते चौथ्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत.
टायरमध्ये नायट्रोजन. काचांवर कोरलेला नंबर.
सीटला पाच वर्षं डागांपासून संरक्षण.

मागच्या सीटवर कॉफीचा डाग आहे,
कुणाचा तरी, वाळून नकाशा झालेला.
"त्यालाही संरक्षण?"
तो हसत नाही. प्रिंटर गरम आहे.

परतीची बस गेली. रात्रपाळी सातला.

ती सही करते,
फक्त नायट्रोजनवर काट मारून घेते.
बाहेर गारठ्यात छाती भरून श्वास:
पाचांतले चार भाग तोच तर,
बिनहप्त्याचा.