मूल्यांकन दौरा

बँकेचं पत्र आलं: बुधवार, सकाळी अकरा.
धाकलीबायनं भिंतीवरचं पंचांग पाहिलं,
म्हणाली, अष्टमी हाय.
मी पत्र पुन्हा वाचलं. त्यात अष्टमी नव्हती.

गटाची सचिव मी. दिवा कोळीवाडा, ऐरोली.
अष्टमीला भरदुपारी खाडीत पाणी नसतं,
एवढं एक वाक्य मला इंग्रजीत लिहिता आलं नाही,
आणि आलं असतं तर
कर्ज नको म्हणताय का, असं उलट आलं असतं.
मी टाईप केलं: आपलं स्वागत आहे.

चौघं आले. केशरी जाकिटं घालून बसले.
बोट विजेवरची, पहिल्या हप्त्यातली,
धूर नाही, आवाज नाही;
चालू आहे की बंद, हे धाकलीबाय
अजून पाण्याकडे बघून ठरवते.

लखनपाल साहेबांनी विचारलं, वहनक्षमता?
आक्रा, ती म्हणाली. साहेबांकडे एकदा बघून: धा.
पण त्यांना खाडीची हवी होती,
वर्षाकाठी किती पर्यटक सोसेल ही खाडी.
इचारतंय तिला, ती म्हणाली,
आणि पुढं बघत राहिली.

पावणेबाराला बोट बसली.
म्हैस बसते तशी, उठायचा विचार नसलेली.
साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं.
किती वेळ?
पानी येवस्तोवर.

शिरीनबाईंनी फाईल उघडली, मिटली.
पुलावरून टँकर जात होते.
चिखलावर निवट्या उड्या मारू लागल्या,
आणि पाणी हटलं तसे रोहित आले,
शंभर हातांवर, मग साठ,
मग इतके जवळ की त्यांच्या चोचींतून
चिखल गाळल्याचा आवाज ऐकू यावा.
कुणी फोटो काढला नाही.
का, ते मला अजून कळलेलं नाही.

धाकलीबायनं डबा सोडला.
तांदळाच्या भाकऱ्या तीन, माणसं सहा, सुका जवळा.
तुकडे करता करता ती बोलत होती:
आई इथंच कमरेएवढ्या चिखलात शिवल्या काढायची.
मग कारखान्यांचं पाणी आलं, एका रात्रीत
निवट्या पोटं वर करून पडल्या, किती त्या.
तवा कोनी नाय आलं मोजाया.

काय म्हणाल्या? शिरीनबाईंनी विचारलं.
मी भाषांतर केलं.
शेवटचं वाक्य मी गाळलं.
धाकलीबायला इंग्रजी येत नाही,
पण वाक्यं मोजता येतात. ती माझ्याकडे
बघत राहिली, भाकरी हातात धरून.
मग मी तेही सांगितलं.

अडीचच्या पुढं पाणी आलं,
बोटीसारखंच, आवाज न करता.

तीन महिन्यांनी अहवाल.
जोखीम: भरती-ओहोटी. तीव्रता: मध्यम.
उपाय: स्थानिक ज्ञानाचा समावेश.
मी वाचून दाखवलं. शाश्वत हा शब्द सतरा वेळा होता.
ती म्हणाली, म्हंजे काय?
टिकणारं, मी म्हटलं.
ती जाळ्याची गाठ आवळत होती.
दातानं दोरा तोडला, बोलली नाही काही.

दुसऱ्या हप्त्याआधी पुन्हा पाहणी.
शुक्रवार, सकाळी अकरा.
तिनं पंचांग पाहिलं. चतुर्दशी.
येऊ दे, म्हणाली. पानी हाय. बोट चालंल.
पाखरं मात्र लांब असतील.

हे कळवायचं का, मी विचारलं.
कर्सर लुकलुकत होता.