दोनशे हर्ट्झ

बुधवारी संध्याकाळी सात वाजता
राहेच्या किनाऱ्यावर मी रेडिओ लावते.
समुद्र गोठून गप्प असतो,
मग हवेतून एकेक जण येऊन बसतो:
केमीहून लेम्पी, कोक्कोलाहून तौनो,
बेटावरच्या दीपगृहाचा निवृत्त रखवालदार उर्पो.
हजेरी मी घेते. तेवीस वर्षं झाली.
कुणाचा गुडघा, कुणाच्या बरणीतले मासे,
कुणाच्या छपरावर किती बर्फ.
बोलणं म्हणाल तर एवढंच,
पण एवढ्यावर हिवाळा निघतो.

आणि ओइवा.
ओइवा कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही.
लेम्पी म्हणाली, वीस मीटर तार टाकली,
की हा म्हणणार, एकोणीस पूर्णांक आठ.
मग हवेच्या दाबाचे आकडे,
सकाळपासूनचे, तासातासाचे.
अठरा मिनिटं. घड्याळ लावून मोजलीत मी.
तौनो म्हणतो, हा सुरू झाला की मी शेगडीत लाकडं सारतो,
अंगणातला बर्फ ओढतो, परत येतो,
तर हा अजून दुपारच्या दोनवरच.

जानेवारीत उर्पोची बायको गेली.
तीन बुधवार त्याचं नाव घेऊन मी थांबले
आणि पुढचं नाव घेतलं.
चौथ्या बुधवारी तो आला. म्हणाला,
"कॉफीला हात अजून
दोघांचंच पाणी घेतो..."
पुढे काही आलं नाही.
आम्ही सगळे आपापल्या खोल्यांत
मान खाली घालून बसलेलो.
आणि ओइवा:
"उर्पो, तू दोनशे हर्ट्झ खाली आहेस. वर ये."

रात्री त्याच्या बहिणीचा फोन.
एक्कावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी कागद दिलाय म्हणाली,
त्याच्या मेंदूची वीण जन्मापासूनच वेगळी,
तो मुद्दाम नाही करत, त्याला सांभाळून घ्या.
मी उर्पोला सांगितलं.
"कागद त्याचा," उर्पो म्हणाला, "लागलं मला."
आणि फोन ठेवला.

दोघंही खरं बोलत होती
आणि हजेरी मला घ्यायची होती.

खरं तर मला राग यायला हवा होता स्वतःचा.
अकरा वर्षं ओइवा आमच्यात बसला
आणि अकरा वर्षं आम्ही समजूतदार राहिलो,
म्हणजे तोंडावर गप्प, पाठीमागे नकला.
त्याची सगळ्यात चांगली नक्कल मीच करते.

मग मीच फोन केला.
म्हटलं, ओइवा, माणूस थांबला म्हणजे संपला असं नाही.
"मग ओळखायचं कसं?"
खोचून नाही, खरंच विचारलं त्याने.
मला सांगता येईना. मी तरी कसं ओळखते?
शेवटी म्हटलं, पाच मोज.
"पाच. बरं. आकडा कुणी सांगितलाच नव्हता."
आणि उर्पोची माफी माग.
"कशाची? तो खाली होता."
हो, होता. ते खरं होतं आणि वाईटही होतं.
पलीकडे पेन्सिलचा आवाज आला.
लिहून घेत होता.

पुढच्या बुधवारी त्याने मोजलं,
पण मोठ्याने, मायक्रोफोनवर.
प्रत्येक माणसानंतर: एक, दोन, तीन, चार, पाच.
लेम्पीला हसू आवरेना. तौनोने बटण बंद केलं.
मीसुद्धा, खोटं कशाला सांगू, दात ओठ खाल्ले.
कागद माहीत असून.
उर्पो आला नाही. त्याच्या पुढच्याही बुधवारी नाही.
ओइवाची माफी त्याला पत्राने गेली होती,
खाली तारीख, वेळ आणि हवेचा दाब.
त्याने ती उघडली की नाही, ठाऊक नाही.

मार्चमध्ये एकदा रात्री साडेअकराला ओइवाचा फोन.
"उर्पो हवेत आहे. आपल्या जागेपासून बराच लांब.
कुणाला हाक देत नाही. नुसता बोलतोय,
थांबतोय, परत बोलतोय."
मी रेडिओकडे हात नेला आणि मागे घेतला.
"दोनशे खालीच आहे," ओइवा म्हणाला.
तू काही बोललास का?
"नाही. तो आत्ता थांबलाय.
मी मोजतोय.
चारशे बाराला आलोय."