कडेचा माणूस

क्वार्टर गेटला माझं फ्रेमचं दुकान.
बहुतेक कामं दहाव्याच्या आत द्यायची :
पासपोर्टचाच फोटो मोठा केलेला,
अंगात कॉम्प्युटरवर चढवलेला नवा शर्ट.

रेजिनाबाई साळवे गुंडाळी घेऊन आल्या.
सोबत सागवानी चौकट,
एका कोपऱ्यात वाळवीनं चाखलेली.
"मिस्टरांनी केलेली. यातच बसवा."

गुंडाळी सोडली तर इटलीतला डोंगर,
पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी रंगवलेला,
ही त्याची छपाई, उन्हानं निळी पडलेली.
गुडघ्यांवर संत फ्रान्सिस, दोन्ही हात उघडे,
आभाळात सहा पंखांचा देवदूत,
आणि तिथून याच्या तळव्यांपर्यंत, पावलांपर्यंत, बरगडीपर्यंत
सोनेरी रेघा,
मांज्यासारख्या ताणलेल्या.
कोण कुणाला उडवतंय, कळेना.

खाली कोपऱ्यात अजून एक झगेवाला,
खडकाला टेकून झोपलेला,
मांडीवर पुस्तक पालथं.
"तो लिओ. सोबतीला गेलेला."

टेप लावली. चित्र चार इंच उंच.
म्हटलं, बाई, काहीतरी जाणार.
खालून घेऊ? हा झोपलेला जाईल फक्त.
तसाही त्याचा काय संबंध.

बाई बोलल्या नाहीत.
बाहेर पीएमटी थांबली, माणसं उतरली, गेली.
"वरून कापा."
वरून? देवदूत जाईल.
"जाऊ द्या. ज्याला दिसायचं त्याला दिसलं,
हातावर उमटलंय त्याच्या.
याला राहू द्या.
ससूनच्या बाकड्यावर पहाटे चारला मी पण अशीच..."
आणि पर्स उघडून ॲडव्हान्स मोजायला लागल्या,
दोनदा मोजला.

कापलं नाही मी. मागे दुमडलं.
सहाही पंख पुठ्ठ्याला चिकटून,
चुकांच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून.
आता रेघा निघतात त्या थेट लाकडातून,
साळवेंनी रंधा मारलेल्या.
बाईंना हे सांगितलेलं नाही.

काच पुसताना स्वतःच्या तळव्याकडे लक्ष गेलं.
बत्तीस वर्षांचे काप,
आडवे, तिरपे, एक अंगठ्याखाली खोल.
कुठला कधीचा, एकही आठवत नाही.
लागलं तेव्हा मी दुसरीकडे बघत असणार.

बिलात लिहिलं :
काच दोन एमएम, हूक दोन, तार.
दुमडल्याचे लावले नाहीत.